बोलताना दम कळतो

बॅटरीकाकीला कुणाला शिवी द्यायची असली की ती वायरलेसवरून द्यायची. समोर उभ्या माणसाला ती नुसते टोमणे मारायची. शिवी मात्र बोट खाडीच्या तोंडाबाहेर गेल्यावर. ओटीवर पाय पसरून बसायची, हातातला सेट तोंडाशी धरायची आणि बटण दाबून सुरू व्हायची, "ऐकतंस काय रं उंडग्या? बायको तुजी सकाली माज्याकडनं परत कांदं घेऊन गेली. तुज्या घरान कांदं रुजत नाय, का तुलाच आनायचा कंटाला?" हे त्या पट्ट्यातल्या सगळ्या बोटी ऐकायच्या. मग ती बटण सोडून वाट बघायची. पलीकडून नाखवा तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. तो पुरता बोलून झाला की काकी मान हलवायची. "चालतंय. बॅटरी बरी हाय."

नवख्या माणसाला हे भांडण वाटे. ती तपासणी होती.

आमच्या बंदराला बंदर म्हणणं जरा जास्तच आहे. काशीदच्या पुढं खाडीच्या तोंडाशी एक धक्का, पन्नासेक घरं आणि ओळीनं लावलेल्या बोटी. प्रत्येक बोटीवर मोठा वायरलेस असतो, पण तो इंजिनाच्या बॅटरीवर चालतो. इंजिन बंद पडलं किंवा इंजिनाच्या खणात पाणी शिरलं की तो मुका होतो. मग उरतो तो हातात धरायचा छोटा सेट आणि त्याची मुठीएवढी लिथियमची बॅटरी. तिच्या जोडीला आणखी बॅटऱ्या लागतात. या जादा बॅटऱ्या बोट धक्क्याला असताना आमच्याकडे कुणी बोटीवर ठेवत नसे. केबिनमध्ये तापतात, खाऱ्या पाण्यानं त्यांची टोकं हिरवी पडतात आणि पुरुषमाणसं त्या कुठंही टाकतात. त्या सगळ्या काकीच्या घरी असायच्या. बोट आली की बॅटरी काकीकडे, बोट निघाली की काकीकडून. हा रिवाज तिच्या नवऱ्यापासून पडला. गावातला पहिला सेट त्यानं आणला आणि तो गेल्यावर सेट, चार्जर आणि गावाचा धाक हे तिन्ही तिच्याकडे आले.

मी माणगावकडची, भाताच्या गावची. नवरा नागोठण्याला कंपनीत, घरात दोन मुली. मला दुपारपर्यंतचं काम हवं होतं. काकीनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि विचारलं, "पोहता येतं?" मी नाही म्हटलं. "बरं हाय. पलून जाशील तं रस्त्यानंच जाशील." एवढ्यावर मी कामाला लागले. माझं नाव तिनं कधी विचारलं नाही. मी शेवटपर्यंत माणगाववाली.

काम सोपं दिसायचं. आलेल्या बॅटरीचं मीठ गोड्या पाण्यानं भिजवून पिळलेल्या फडक्यानं पुसायचं, पंख्याखाली वाळवायची आणि मगच चार्जरला लावायची. ओली लावली तर काकी हातावर उलथनं मारायची. खरंच मारायची. चार्जरला बॅटरी असताना खोली सोडून जायचं नाही, मग चुलीवरचं दूध उतू गेलं तरी चालेल. कुठली बॅटरी कुठल्या बोटीची हे कळायला तिच्यावर नेलपॉलिशचा ठिपका. काकीनं जन्मात नखं रंगवली नाहीत, पण बाजारात गेली की बांगडीवाल्याकडचा प्रत्येक नवा रंग उचलायची. धर्मा नाखव्याच्या वाट्याला झगझगीत गुलाबी आला होता. त्यानं तक्रार केली तेव्हा काकी म्हणाली, "तुजा रंग काला. त्या बॅटरीवर काला दिसत नाय, नायतं तोच दिला असता."

बॅटरीला एक बटण असतं. ते दाबलं की हिरवे दिवे लागतात, भरलेली असली तर चार. बाकीचं जग या चार दिव्यांवर विश्वास ठेवतं. काकी ठेवत नसे. बोट निघाली की नाखवा एकेक बॅटरी छोट्या सेटमध्ये घालायचा आणि काकी त्याला डिवचून बोलायला लावायची. सेट नुसता ऐकत असतो तेव्हा बॅटरी फार खात नाही. आपण बोलायला लागलो की ओढते. थकलेली बॅटरी चार दिवे दाखवून दिवसभर ऐकत बसेल आणि दोन वाक्यं बोलताना मान टाकेल. काकीच्या भाषेत, "ऐकतात सगलेच. बोलताना दम कलतो." म्हणून त्या शिव्या, पलीकडूनही लांबलचक शिवी यावी यासाठी. शिवी जितकी लांब तितकी तपासणी पक्की. प्रेमाचं बोलायला गेलं तर दोन शब्दांत संपतं, असं ती म्हणायची.

जी बॅटरी फुगली ती काकी परसात वाळूनं भरलेल्या घमेल्यात पुरायची. एकदा धर्मा नाखव्याची गुलाबी ठिपक्याची बॅटरी फुगली. काकीनं ती सगळ्या ओटीला दाखवली. "बघा, ही नि धर्मा एकाच सालचे. हिला वालूत निजवतंय. त्याचं त्याच्या सुनेला इचारा." सून तिथंच उभी होती. धर्मा सगळ्यांत मोठ्यानं हसला, पण घरी जाऊन जेवला नाही असं सून सांगत होती. दुसऱ्या दिवशी काकीनं स्वतःच्या घरच्या सेटची बॅटरी काढून त्यावर गुलाबी ठिपका दिला आणि त्याच्या हातात ठेवली. माफी वगैरे नाही. "ही तुज्यापेक्षा जवान हाय, जपून वापर," एवढंच.

ती अशी होती. हात द्यायची तोही चिमटा काढून.

ज्या पावसाळ्याचं सांगायचं आहे त्यात वाऱ्यानं काकीच्या मागच्या खोलीचे पत्रे उडाले. मासेमारीची बंदी चालू होती, बोटी वर ओढलेल्या होत्या आणि सगळ्या बॅटऱ्या त्या खोलीतल्या ट्रंकेत होत्या. ट्रंकेत पाणी आलं. काकीनं बॅटऱ्या काढल्या, पुसल्या, वाळवल्या, सगळ्या चार दिव्यांपर्यंत भरल्या आणि स्वयंपाकघरात चुलीवरच्या माळ्यावर नेऊन ठेवल्या. घरात गॅस होता, पण पावसाळ्यात चूल रोज पेटायची, अंघोळीच्या पाण्यासाठी आणि माळ्यावरच्या सुक्या बोंबलांना धग मिळावी म्हणून. कोळ्याच्या घरात पावसात जे कोरडं राहायला हवं ते चुलीवर जातं. बोंबील, जवळा, काड्यापेट्या, लग्नाची पत्रिका. त्या रांगेत बॅटऱ्या जाऊन बसल्या.

मी माळ्याला हात लावून बघितला. पापड भाजावा तसा गरम. मी म्हटलं, "काकी, इथं नको. तापतायत."

"तापल्याशिवाय सुकंल कसं?"

"आमच्याकडे बियाण्याचं भात चुलीजवळ ठेवत नाहीत. भाजलेलं बी वरून सारखंच दिसतं. पेरल्यावर कळतं."

काकीनं भाकरी उलटली. "मंग आपुन बॅटऱ्या पेरायला नको. संपलं?" तेवढ्यात शेजारची रखमा मीठ मागायला दारात आली, आमचं बोलणं तिनं ऐकलं नव्हतं. काकी तिच्याकडे वळली. "आमची माणगाववाली गो. दर्या बघितला तेव्हा इचारीत होती, याचा बांध कुठं."

ते मी कधी विचारलं नव्हतं. पण ते गावभर झालं आणि बॅटऱ्या नारळी पौर्णिमेपर्यंत माळ्यावर राहिल्या.

बोटी निघायच्या दिवशी मी त्या खाली काढल्या. बोंबलांचा वास मारत होत्या, पण चार दिवे प्रत्येकीवर हिरवेगार. मी सेट पुढं केला. काकीनं तो बाजूला सारला. तिची तपासणी बोट खाडीबाहेर गेल्यावर व्हायची आणि सालातल्या पहिल्या फेरीला ती व्हायचीच नाही. पहिल्यांदा निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, हा तिचा नेम. दर सालचा होता. वायरलेसवरची हाक हीसुद्धा हाकच. मी म्हटलं, "मग इथं ओटीवरच बोलून बघू." ती म्हणाली, "सनाच्या दिवशी माज्या ओटीवर शिव्या? सोन्याचा नारल वाहिलाय दर्याला. जा, वाटून ये." मी वाटून आले.

काकीच्या घरच्या बोटीवर तिचा मुलगा हरेश नाखवा होता. त्याच्याबरोबरच्या खलाशांत रखमाचा नवरा महादू. त्याच पहिल्या फेरीत, परतीच्या वाटेवर जाळं बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात अडकलं, इंजिन अडखळून बंद पडलं आणि बोट आडवी होऊन लाटा घ्यायला लागली. खणात पाणी शिरलं, मोठा सेट गेला. हरेशनं छोटा सेट काढला. दिवे चार. त्यानं बोटीचं नाव सांगितलं, जागा सांगायला सुरुवात केली आणि सेट बंद पडला. दुसरी बॅटरी घातली. तीही नाव सांगेपर्यंत टिकली. तिसरी तेवढीही नाही. धर्मा नाखव्याची बोट फार लांब नव्हती. त्यानं नाव ऐकलं, शोधायचं कुठं ते ऐकलं नाही. मदत येत नाही म्हटल्यावर महादू कमरेला दोर बांधून, सुरी घेऊन पंख्याखाली उतरला. नुसता दोर वर आला.

बोट वाहत जाऊन पुढं किहीमच्या बाजूला दुसऱ्या कुणाला सापडली. हरेश आणि बाकीचे टेंपोनं घरी आले. महादू आलाच नाही, जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही.

धक्क्यावर सगळं गाव उभं होतं. हरेशनं तिन्ही बॅटऱ्या काकीपुढं धरल्या. उन्हात त्यांना लागलेला बोंबलांचा वास सगळ्यांना आला. धर्मा नाखवा म्हणाला, "ह्या चुलीवर होत्या काय गो?" रखमा खाली बसली होती, तिनं मान वर केली.

काकीनं माझ्याकडे बघितलंही नाही. सरळ गावाकडे तोंड करून म्हणाली, "माणगाववालीनं ठेवल्यान. भाताच्या गावची. तिला काय म्हाईत? मी बघायला पायजे होतं, बघितलं नाय. चूक माजीच, परकीच्या हातान दिल्या." शेवटचं वाक्य तिनं अशा सुरात म्हटलं की दोन बायकांनी तिच्याच खांद्यावर हात ठेवला.

रखमा मला मारायला उठली नाही. ती माझ्या पायाशी थुंकली आणि परत बसली.

घरात आल्यावर मी काकीला म्हटलं, "तुम्ही खोटं बोललात." तिनं आधी दार लावून घेतलं. मग बॅटऱ्या एकेक करून वाळूच्या घमेल्यात पुरायला लागली.

"बोललू."

"रखमाला खरं सांगा."

"सांगतंय. मंग उद्या कोन ठेवील बॅटऱ्या माज्याकडं? जो तो आपल्या घरान नेईल. कोन उशीखाली ठेवील, कोन टीवीवर, कोन केबिनमदी. आज एकीचं कुंकू गेलं. माज्यावरचा भरोसा गेला तं पुढल्या साली किती जातील ते तूच सांग. तू शिकलेली हायस."

"आणि माझं काय?"

"तुजं काय? तू पाहुनी. तुजं नाव हितं कोनाला ठावं हाय, खराब व्हायला?"

एवढं निर्दय आणि एवढं चोख बोलणं मी त्याआधी किंवा नंतर ऐकलेलं नाही. आजही त्यातल्या अर्ध्याला माझ्याकडे उत्तर नाही.

तिनं मला काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं. उलट गावाला सांगितलं, "झालं ते झालं, हिच्या पोरींना कोन खाऊ घालील? राहू दे." काकीचं मन मोठं, असं सगळे म्हणायला लागले. चार माणसांत मला बॅटरीला हात लावायची बंदी झाली. कुणी आलं की मी झाडू घ्यायची. माणसं गेली की पुसणं, वाळवणं, चार्जिंग, सगळं पहिल्यासारखं माझ्याकडे. मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, सोड. मी सोडलं नाही. मुलींच्या शाळेजवळ दुसरं काम नव्हतं, आणि त्या बॅटऱ्या दुसऱ्या कुणी हाताळलेल्या मला चालल्या नसत्या.

काकी मात्र बदलली, तोंड सोडून. माळ्यावरच्या बाकीच्या बॅटऱ्या तिनं बोटी परतताच मागून घेतल्या आणि दमलेल्या वाळूत घातल्या. पुढच्या बंदीत तिनं बॅटऱ्या पाण्याच्या माठामागं कोनाड्यात ठेवल्या, घरातल्या सगळ्यांत गार जागी, घट्ट झाकणाच्या डब्यात. भरून नाही, दोन दिव्यांवर, कारण पुरी भरून पडून राहिलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. हे तिनं कुणाला विचारलं मला माहीत नाही. मला विचारलं नाही. पावसाळ्यात मधूनमधून ती डबा उघडून बटणं दाबायची. एखादीचा एक दिवा मालवला असला तर थोडी भरून परत दोनावर आणायची. निघायच्या आदल्या दिवशी चार.

आणि पहिल्या फेरीला तिनं मागून हाक मारायला सुरुवात केली. नारळी पौर्णिमेनंतर बोटी खाडीबाहेर पडल्या की ही ओटीवर सेट घेऊन बसायची आणि एकेका बोटीला नाव घेऊन हाक मारायची. बायका कानांवर हात ठेवायच्या. धर्माच्या सुनेनं ओटीवर येऊन तिला तोंडावर पांढऱ्या पायाची म्हटलं. काकीनं तिचं पूर्ण ऐकून घेतलं, मग बटण दाबून धर्माला कळवलं, "तुजी सून मना पांढऱ्या पायाची बोलते. तुज्या घरान आयल्यापास्नं तिचे पाय बघितलंस काय?" धर्मा बराच वेळ बोलला. बॅटरी टिकली.

रखमाला ती रोज मासे द्यायची. दाराशी जाऊन नाही, दोन घरांमधल्या वईच्या कुंपणावरून टोपलीत टाकून. वर म्हणायची, "घे गो, सडून चाललंय." ते मासे कधी सडके नसायचे. पहिल्या वाट्याचे असायचे. रखमा घ्यायची, पण उत्तर देत नसे. माझ्याकडे तर ती बघतही नसे. वईच्या अलीकडे मी मासे निवडायची, पलीकडे ती खायची, मध्ये काकी. हे वर्षानुवर्षं चाललं.

काकी गेली ती बंदीतच, छातीच्या दुखण्यानं. शेवटी बसून झोपायची. एक दिवस मी तिला पेज पाजत होते. मी म्हटलं, "आता तरी रखमाला सांगा." ती थांबून थांबून बोलली.

"मी मेल्यावर तूच सांग."

"तेव्हा कोण विश्वास ठेवणार?"

"कोनीच नाय," ती म्हणाली आणि पेजेत मीठ कमी आहे म्हणून माझ्या माहेरचा उद्धार केला.

तिच्या बाराव्यानंतर हरेशनं चार्जर आणि डबे माझ्या स्वाधीन केले. त्याला काय ठाऊक होतं ते त्यानं कधी सांगितलं नाही. "तूच बघ," एवढंच म्हणाला. पण बोटी निघायची वेळ आली तसे नाखवे एकेक करून आले आणि आपापल्या ठिपक्याच्या बॅटऱ्या कायमच्या घेऊन गेले. कुणी भांडलं नाही. धर्मा तर माझी नजर चुकवत होता. म्हातारा हळूच म्हणाला, "तुज्यावर राग नाय. पन महादू..." आणि गुलाबी ठिपका सदऱ्याच्या खिशात घालून निघाला. ती बॅटरी आता टीव्हीवर राहणार हे मला दिसत होतं. ज्या भरोशासाठी काकीनं मला पुढं केलं, तो तिच्याबरोबर गेला, आणि तो माझ्याकडे येऊ नये एवढी व्यवस्था तिनं स्वतःच्याच तोंडानं करून ठेवली होती. हिशेबात फार पक्की बाई होती. हे तिच्याकडून सुटलं.

निघायच्या आदल्या दिवशी वईपलीकडून रखमा आली. तिचा जावई आता हरेशच्या बोटीवर खलाशी होता. तिच्या हातात तीन बॅटऱ्या होत्या. हरेशनं फेरीसाठी डब्यातून काढून जावयाकडे दिल्या होत्या, तिनं त्याच्याकडून काढून घेतल्या होत्या. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"ह्या तू बघ."

"मी?"

"तुज्या हातान एकदा मानूस गेलाय. तू आता दहादा बघशील. ज्यांच्या हातान काय झालं नाय, त्यांचा मना भरोसा नाय."

तोंडावर आलेलं वाक्य मी गिळलं. ते फार लहान वाक्य होतं आणि ते ऐकून रखमा बॅटऱ्या घेऊन परत गेली असती. मी हात पुढं केला. टोकांचं मीठ पुसलं, वाळवल्या, भरल्या, आणि रखमाच्या देखत एकेक सेटमध्ये घालून बोलले. तिसरी दमली. ती वाळूत गेली, माझ्या डब्यातली एक तिच्या जागी दिली.

दुसऱ्या दिवशी बोट खाडीच्या तोंडाबाहेर गेली. मी काकीच्या ओटीवर बसून सेट उचलला. रखमा वईपाशी उभी होती. पहिली फेरी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, नको म्हणाली नाही.

मी बटण दाबलं आणि तिच्या जावयाला विचारलं, "ऐकतोस काय रे उंडग्या? सासूकडं जेवून जेवून बोट तुझ्या बाजूला कलली म्हणतात, खरं काय?" आणि बटण सोडलं.

पलीकडून त्यानं मला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. बरंच लांब होतं. बॅटरी बरी होती.